काउंट गोंत्रांची संध्याकाळची प्रार्थना

गोंत्रां मेला आणि तिसऱ्या दिवशी पॅरिसच्या वर्तमानपत्रात त्याच्यावर अर्धा रकाना छापून आला. तेव्हा कुठे एमारला कळलं, की आपला काका संगीतकार होता.

अगदीच माहीत नव्हतं असं नाही. काका पॅरिसला राहतो, पियानोवर काहीतरी करत असतो आणि त्याबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलायचं नसतं, एवढं ब्रेझोल घराण्यातल्या प्रत्येक मुलाला काटा-चमचा धरायला शिकवतानाच शिकवलं जाई. पण वर्तमानपत्रात ‘थोर’ असा शब्द होता. शिवाय कला अकादमीचे दोन सभासद अंत्यविधीला मारन्येला, म्हणजे इथे घराण्याच्या गावी, येणार, असंही लिहिलं होतं. एमार, म्हणजे हल्लीचा मार्की द ब्रेझोल, कागद हातात धरून आत्याच्या खोलीत आला.

“आत्या, हे वाचलंत? आपले काका थोर होते.”

अपोलीन मोजा रफू करत होती. तिनं मान वर केली नाही. “असं? कधीपासून?”

“मंगळवारच्या अंकात आहे.”

“मग मंगळवारपासून असेल.”

एमारनं मान डोलावली. त्याला टोमणा कळत नसे. ब्रेझोलांच्या थोरल्या पातीत ही उणीव पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती, आणि तीही इतर सगळ्या मिळकतीसारखी थोरल्या मुलाकडेच जाई.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसंच झालं. गोंत्रां जिवंत असताना या घरात त्याच्या दुधाची चव कुणी घेतली नव्हती. अपोलीनला सगळं आठवत होतं, बहात्तराव्या वर्षी जरा जास्तच स्पष्ट आठवत होतं. गोंत्रां तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. सात वर्षांचा असताना त्यानं देवळातल्या ऑर्गनवर एक सूर स्वतःच्या मनाने वाजवला, तेव्हा आईनं त्याला तीन दिवस गोड खायला दिलं नाही. वाईट वाजवलं म्हणून नव्हे, चांगलं वाजवलं म्हणून. “वाजवायला आपण माणसं ठेवतो,” आई म्हणाली.

पुढे तो पॅरिसला गेला तो भांडूनच. आईनं एकच अट घातली. ब्रेझोल हे नाव जाहिरातीच्या कागदावर येता कामा नये. “आपलं नाव दगडावर कोरतात,” ती म्हणाली, “भिंतीला खळीनं चिकटवत नाहीत.” म्हणून गोंत्रांची पहिली ऑपेरा निनावी आली. पाच अंक, जुन्या काळचा कुणी केसाळ राजा, त्याच्या दोन राण्या आणि शेवटी विहीर. तिसऱ्या अंकात लोक जेवायला उठले आणि परतलेच नाहीत. दुसऱ्या ऑपेरात विहीर नव्हती, पण लोक त्याच वेळी उठले. मग त्यानं ‘स्ताबात’ लिहिलं. देवाच्या आईचा शोक, पन्नास मिनिटांचा. ते पॅरिसच्या एका मोठ्या देवळात झालं. अपोलीन मुद्दाम आगगाडीनं गेली होती. विसाव्या मिनिटाला तिनं शेजारी पाहिलं, तर रचनाकार स्वतः हनुवटी छातीवर टेकवून झोपलेला.

तिला भावाची माया होती, पण मायेनं तिचे कान कधी बिघडले नाहीत. गोंत्रां भित्रा होता. आईला भ्यायचा, टीकाकारांना भ्यायचा, आणि भीतीपोटी जे जड, लांब आणि आदरणीय असेल तेच लिहायचा. सत्तराव्या वर्षी सरकारनं त्याच्या कोटाला सन्मानाची लाल फीत लावली, ती त्यानं इतका काळ चिकाटीनं कंटाळा आणला म्हणून, असं तिचं स्पष्ट मत होतं.

दुपारी दिवाणखान्यात एमारची बायको एदमे कपाट उघडून बसली होती. कपाटात सासऱ्याच्या आईनं, म्हणजे म्हाताऱ्या मार्कीझनं जपलेले कागद होते. विवाहाचे करार, पोपचं एक पत्र, कुणाचे तरी कापलेले केस. एदमेच्या हातात चार पानं होती, निळ्या रेशमी फितीनं बांधलेली.

“आत्याबाई, हे बघा ना. आजीसाहेबांच्या अक्षरात वर लिहिलंय, ‘माझ्या मुलाचं घरात ठेवण्याजोगं एकमेव काम.’ आणि आत नाव आहे, ‘संध्याकाळची प्रार्थना’. किती गोड.”

अपोलीनच्या हातातली सुई थांबली.

“शनिवारी हेच वाजवायचं,” एदमे म्हणाली. “एकदा अर्पणाच्या वेळी आणि एकदा शवपेटी बाहेर नेताना. बिशपसाहेब येणार, सिनेटर येणार, ते अकादमीवाले येणार. घराण्याची श्रद्धा दिसायला हवी. लोकांना वाटायला नको, की काका नुसते नाटकवाल्यांत बसत होते.”

“ते नको,” अपोलीन म्हणाली.

“का?”

अपोलीननं सुई पुन्हा मोज्यात खुपसली. एमार शेकोटीशी उभा होता. त्यानं घसा साफ केला.

“आत्या, तुम्ही चाळीस वर्षं आपल्या देवळाचा ऑर्गन वाजवताय. पैसे न घेता वाजवताय, म्हणून त्यात काही कमीपणा नाही. पण शनिवारी काही चुकलं तर मग माझा नाइलाज होईल. एदमेला तुमच्या दोन खोल्या नर्सरीला हव्या आहेत. मीच आतापर्यंत थोपवून धरलंय.”

“आंजे शहरातल्या नन्सच्या मठात इतकं छान ऊन येतं,” एदमे म्हणाली. हे ती दर आठवड्याला म्हणायची.

त्या मठात पियानो ठेवू देत नसत. अपोलीननं ते आधीच विचारून ठेवलं होतं. तिच्याजवळ या जगात होत्या दोन खोल्या, परसबागेकडची एक खिडकी आणि एक लहान पियानो, ज्याचा वरचा ‘सा’ दमट हवेत अडकायचा.

“वाजवीन,” ती म्हणाली.

ती चार पानं काय होती, हे जगात आता एकट्या तिला माहीत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी आईनं गोंत्रांचा खर्च थांबवला होता. तेव्हा पॅरिसमधल्या एका दारू आणि गाणी मिळणाऱ्या नाचघरातल्या बाईनं त्याला एक गाणं मागितलं. गोंत्रांनं एका सकाळी, दाढी करता करता, ते लिहून टाकलं. ‘मादाम पिशोंची बकरी’. विधवा पिशों बकरी विकायला निघते आणि बकरी रस्त्यात बसते. “बकरी म्हणे, मी येत नाही, बाई, तूच जा बाजारी.” एवढंच. खाली त्यानं बोनीफास असं खोटं नाव घातलं.

दोन वर्षं फ्रान्सात दुसरं काही कुणी गायलं नाही. कपडे धुणाऱ्या बाया, फौजेतली पोरं, पाववाले, सगळे बकरी ओढत होते. अजूनही मारन्येत लग्न असलं, की व्हायोलिनवाला नाच तिच्यानंच संपवी. फक्त वाड्यात ती कधी ऐकू आली नाही. वाड्यातले लोक गावच्या लग्नाला जात ते भेटवस्तू देऊन नाच सुरू व्हायच्या आत निघण्यासाठी.

गाणं लिहिलं त्याच आठवड्यात आई न कळवता गोंत्रांच्या घरी आली. मेजावर बकरीची स्वच्छ प्रत पडलेली. जिन्यावर आईचे पाय वाजताच गोंत्रांनं लेखणी उचलली, बकरीचं नाव आणि खालचं बोनीफास वाचता येणार नाही असं खोडून वर लिहिलं, ‘संध्याकाळची प्रार्थना’. शब्द सुदैवानं वेगळ्या कागदावर होते. आईनं चष्मा लावला, शीर्षक वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. पानं तिनं सोबत नेली. आईला सूर वाचता येत नव्हते. ब्रेझोलांपैकी गोंत्रां आणि अपोलीन सोडले तर कुणालाच येत नव्हते. सव्वीस वर्षं ते गाणं कपाटात पोपच्या पत्राशेजारी होतं, आणि ते वाजवून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. जपायचं आणि ऐकायचं नाही, ही या घराची जुनी रीत.

गोंत्रांनं हे बहिणीला सांगितलं, तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग म्हणाला, “अपोलीन, माझ्या हातून एवढीच एक जिवंत गोष्ट झाली, आणि तीही माझ्या नावावर नाही.”

“मग सांग की लोकांना.”

“आई आहे तोवर नाही.”

आई गेली. त्यानंतरही तो भ्याला, या वेळी अकादमीला. अपोलीननं त्याला त्याबद्दल कधी पूर्ण माफ केलं नाही.

आता तिनं हिशेब मांडला. खरं सांगावं तर ती पानं शेकोटीत जातील, आणि शनिवारी कुणीतरी आंजेहून येऊन ‘स्ताबात’ वाजवेल. गोंत्रांला त्याच्याच शोकात दुसऱ्यांदा झोपवतील. न सांगता वाजवावं तर अख्खं देऊळ ओळखेल, आणि तिचा पियानो विकला जाईल. मग तिला मधला मार्ग सुचला. इतकं संथ वाजवायचं, की आईलासुद्धा प्रार्थनाच वाटली असती. गोंत्रांला त्याचं गाणं मिळेल, तिला तिच्या खोल्या. ब्रेझोल घराण्याला साजेसा मार्ग होता तो. कुणाचंच पूर्ण काही होणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती ऑर्गनच्या माळ्यावर चढली. ऑर्गनला हवा देणारा भाता ओढायला माथ्युरीं होता. हा गावचा चांभार. साठीचा, एका डोळ्यानं तिरळा. वीस वर्षं तो दर रविवारी ऑर्गनच्या मागे उभा राहून लाकडी दांडा खालीवर करायचा आणि वर बोलायचा.

अपोलीननं आवाज उघडणाऱ्या दोन खुंट्या ओढल्या आणि सुरुवात केली. एका सुरावर ती इतकी थांबली, की माथ्युरींला दांडा दोनदा ओढावा लागला. दुसरी ओळ आली. तिसरी आली.

मागून आवाज आला, “मादमोझेल, बकरी आजारी आहे का?”

ती थांबली नाही. “तू तोंड बंद ठेव आणि भाता चालू ठेव.”

“मी कुणाला सांगतोय? पण ही म्हातारीही झाली आणि लंगडीही. माझ्या लग्नात ही अशी असती तर बायको नाचता नाचता मेली असती.”

“तुला कळलं कसं?”

“आता झोपलेला माणूस ओळखू येत नाही होय? घोरतोय म्हणून काय झालं.” त्यानं दांडा खाली दाबला. “पण उद्या हे कशाला, मादमोझेल? बिशप येणार म्हणे. काउंटसाहेब नाराज नाही का होणार? त्यांचं ते मोठं मोठं असायचं.”

अपोलीनला काय झालं कोण जाणे. सव्वीस वर्षांत जे तिनं पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं, ते चांभाराला सांगितलं.

“हे त्याचंच आहे, माथ्युरीं. बकरी गोंत्रांनं लिहिली.”

दांडा थांबला. भात्यातली हवा संपली आणि सूर बसत बसत विझला. माथ्युरीं ऑर्गनच्या कडेनं पुढे आला, हातातली टोपी चुरगळत.

“आपल्या काउंटसाहेबांनी?”

“हो.”

“थट्टा नका करू, बाई.”

“मी कधी थट्टा केली आहे?”

“रोज करता.” तो बाकावर टेकला. “माझ्या लग्नात वाजली. थोरलीच्या लग्नात वाजली. धाकटा फौजेत गेला तेव्हा स्टेशनवर पोरं हीच गात होती. आणि ते उन्हाळ्यात इथे नदीकाठी फिरायला यायचे, तेव्हा मी वीस वर्षं त्यांना एकच बोललो. ‘पाऊस येईलसा दिसतो, काउंटसाहेब.’” त्यानं नाक पुसलं. “माणसानं सांगायला नको? एक पेला तरी पाजला असता.”

“भित्रा होता तो.”

“मग आता काय?” माथ्युरीं म्हणाला. “आता तर मेलेत. आता कुणाची भीती?”

अपोलीननं खुंट्या आत ढकलल्या.

शनिवारी देऊळ भरलं. पुढच्या बाकांवर काळी रेशमं, मागे गाव. अपोलीनसमोर ऑर्गनवर एक लहान आरसा लावलेला होता, त्यातून तिला वेदी आणि माणसांचे माथे दिसत. एमार पहिल्या बाकावर इतका ताठ बसला होता, की जणू मेलेला तोच आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे.

अर्पणाच्या वेळी तिनं ठरल्याप्रमाणे वाजवलं. बकरी घोरत घोरत वेदीपर्यंत गेली. एदमेनं जाळीदार रुमालानं डोळ्याचा कोपरा टिपला. सिनेटरनं डोळे मिटले. मागच्या बाकांवर मात्र एक म्हातारी मान वाकडी करून ऐकत होती, ओळखीचा माणूस लांबून येताना दिसावा तशी. पण गाव गप्प राहिलं. सगळं निभावलं. खोल्या वाचल्या.

मग बिशप बोलायला उभे राहिले. ते गोंत्रांला कधी भेटले नव्हते. मजकूर एमारनं पुरवला होता, हे अपोलीनला दुसऱ्याच वाक्यात कळलं.

“काउंट गोंत्रां द ब्रेझोल यांनी,” बिशप म्हणाले, “आपली दैवी देणगी कधी रस्त्यावर नेली नाही. गर्दीला रिझवावं म्हणून त्यांनी एक सूरसुद्धा लिहिला नाही. साधा माणूस त्यांचं गाणं गुणगुणत नाही, हेच त्यांचं मोठेपण.”

आरशात एमारची मान समाधानानं हलली.

अपोलीनला प्रथम हसू आलं. मग तिनं मागच्या बाकांकडे पाहिलं. धोबिणी, नावाडी, पाववाला, माथ्युरींच्या दोन्ही मुली. ज्यांनी त्याचं गाणं आयुष्यभर गुणगुणलं, ते सगळे मान खाली घालून, आपण त्याच्या लायकीचे नाही असं ऐकून घेत होते. आणि हे तिच्या भावाच्या तोंडावर मारलं जात होतं, तेही आता तो भिऊ शकत नसताना.

सहा जणांनी शवपेटी उचलली. अपोलीननं मागे न बघता विचारलं, “माथ्युरीं, हात दुखताहेत का?”

“का हो, मादमोझेल?”

“हवा लागेल.”

“लागेल तेवढी घ्या.”

तिनं होत्या तेवढ्या सगळ्या खुंट्या ओढल्या. मग जशी लिहिली होती तशी, दाढी करता करता सुचली होती त्या चालीत, तिनं बकरी सोडली.

पहिल्या ओळीला देऊळ दचकलं. दुसऱ्या ओळीला पेटी उचलणाऱ्यांचे पाय आपोआप तालात पडले. त्यांचा इलाज नव्हता, ते सहाही जण त्यावर नाचत मोठे झाले होते. गोंत्रां द ब्रेझोल देवळाच्या मधल्या वाटेनं असा निघाला, जसा आयुष्यात कधी कुठे गेला नव्हता. मागे त्या म्हातारीनं ओठ मिटूनच सूर धरला. मग नावाड्यांनी. शब्द कुणी उच्चारले नाहीत, देवळाचा मान राखला. पण दोनशे माणसं बंद ओठांनी बकरी गात होती, आणि पुढच्या बाकांवरची रेशमं आश्चर्यानं मागे वळून पाहत होती, की या खेडुतांना काकांची प्रार्थना कशी ठाऊक.

अकादमीच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याचा दंड धरला. त्याचे खांदे हलत होते.

अपोलीन खाली उतरून दफनभूमीत पोचली तेव्हा एमार पांढराफटक उभा होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ती जवळ येताना दिसली, तसा त्यानं तोंड उघडलं. मठ, ऊन, नर्सरी, सगळं त्या उघड्या तोंडात तयार होतं. पण त्याच्या आधी अकादमीच्या म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

“म्हणजे बोनीफास तेच. आम्ही पंचवीस वर्षं पैजा लावतोय. मार्की, तुमच्यासारखं घराणं विरळा. त्यांचं गाणं भर देवळात लोकांना परत दिलंत. असं धाडस आमच्यात नाही.”

पॅरिसचा बातमीदार वही उघडून पुढे सरकला. “ही कल्पना कुणाची, महाशय?”

एमारनं आत्याकडे पाहिलं. मग वहीकडे. एखादा माणूस माशाचा काटा गिळतो, तेवढा वेळ लागला.

“घराण्याची,” तो म्हणाला. “फार विचार करून ठरवलं.”

अपोलीनच्या खोल्या राहिल्या. जे आपण स्वतःच ठरवलं असं छापून आलंय, त्यासाठी आत्याला घराबाहेर कसं काढणार? उलट नोव्हेंबरात माणूस बोलावून तिच्या पियानोचा वरचा ‘सा’ दुरुस्त झाला. पाहुण्यांना दाखवायला तो आता दिवाणखान्यात हवा होता. पियानो खाली गेला. खोल्या वर राहिल्या.

हिवाळ्यात पाहुणे येऊ लागले. बदकाची थाळी फिरून झाली, की एमार रुमालानं ओठ टिपून सुरू करायचा. “काका मला मांडीवर घ्यायचे, आणि ही बकरी मला पहिल्यांदा...”

“तू त्याच्या मांडीवर कधी बसला नाहीस,” अपोलीन एकदा म्हणाली. “तुझ्या लहानपणी त्याला या उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. नदीकाठी फिरून तो खानावळीत झोपायचा.”

मग एमारनं पाहुण्यांकडे बघून प्रेमळ हसत स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. सगळे समजुतीनं हसले.

“आत्याबाई, वाजवून दाखवा ना,” एदमे म्हणाली.

“बोटं दुखतात.”

ती उठली आणि काठी टेकत निघाली. जिन्याच्या पाचव्या पायरीवर असताना तिला ऐकू आलं. एमार स्वतःच पियानोपाशी बसला होता आणि एका बोटानं बकरी वाजवत होता. दुसऱ्या ओळीत त्यानं एक सूर चुकवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तोच सूर चुकवला. खाली बसलेल्यांपैकी एकालाही कळलं नाही.

अपोलीन कठड्याला धरून उभी राहिली. तो तिसऱ्यांदाही तसाच चुकला, तेव्हा ती वर गेली.